अल्माडेनचा पारा : खाण बंद, पार्क चकाचक, मग मासे खायला मनाई का?

टेकडीखालचा

कॅलिफोर्नियातल्या सान होजेच्या दक्षिणेला अल्माडेन क्विकसिल्व्हर पार्क आहे. बे एरियातल्या (सान फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरातल्या) ज्या मराठी मंडळींना वीकेंडला टेकड्या चढायची खाज आहे, त्यांनी तो पालथा घातला असेलच. हिवाळ्यातले पाऊस झाले की सगळं हिरवंगार, मार्च-एप्रिलमध्ये रानफुलं आणि मध्येच एखादा जाळी लावून बंद केलेला बोगदा किंवा कुंपणात गंजत पडलेली भट्टी. ही पूर्वी पाऱ्याची खाण होती, आणि लहानसहान नव्हे. १८४५ पासून १९७० च्या दशकापर्यंत इथून सुमारे ८.३ कोटी पौंड पारा निघाला, म्हणजे ३७ हजार टनांच्या वर. उत्तर अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याच खाणीने इतका पारा दिलेला नाही.

पुढे काउंटीने (म्हणजे जिल्ह्याच्या सरकारने) जमीन घेतली, १९९० च्या दशकात दूषित माती हलवली, झाकली आणि माणसं हिंडू लागली. एवढं होऊनही खालच्या ग्वादालूपे, अल्माडेन आणि कलेरो या तिन्ही जलाशयांवर फलक आहेतच : मासे पकडा, पण खाऊ नका. ओढ्यांवर तेच, नदीवर तेच.

मला कळत नाही ते हे, की साफसफाई झाली म्हणतात तेव्हा नक्की काय झालं? पारा काढून कुठे नेला का? नेला असेल तर मासे अजून विषारी कसे? आणि नेला नसेल तर त्याला साफसफाई का म्हणायचं? माझं मत आत्ताच सांगून टाकतो. जगातल्या सगळ्यात श्रीमंत खोऱ्याला, सिलिकॉन व्हॅलीला, ५० वर्षांत एक डोंगर साफ करता येत नसेल तर ते दुर्लक्ष आहे, दुसरं काही नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चिंचगूळ

त्या खोऱ्यात सगळं क्लाउडवर असतं. पारा तेवढा जमिनीवर राहिला, म्हणून कुणी लक्ष देत नसेल. (हलके घ्या)

कोळीवाडा_फास्ट

मासे पकडा पण खाऊ नका? हा कुठला न्याय! आमच्याकडे याला छळ म्हणतात.

खनिजवाला
*डोंगर धुता येत नाही*

बंद खाणींच्या कामातच पोट भरतो म्हणून जरा लांब लिहितो.

आधी भट्टीत काय होतं ते बघा. खनिज म्हणजे हिंगूळ, पारा आणि गंधक यांचा लाल दगड. तो सहाशे अंशांच्या आसपास भाजला की गंधक हवेत जातं आणि पाऱ्याची वाफ होते (पारा ३५७ अंशांनाच उकळतो). ती वाफ थंड कोठ्यांतून फिरवली की पारा टपकतो. मग तो लोखंडी फ्लास्कमध्ये भरायचा, प्रत्येकी ७६ पौंड. घनता १३.६, त्यामुळे जेमतेम अडीच लिटरच्या त्या बाटलीचं वजन साडेचौतीस किलो, बाटलीचं स्वतःचं वेगळं.

सुरुवातीच्या काळात इथल्या खनिजात २० टक्क्यांहून जास्त पारा होता, शेवटी शेवटी टक्क्याच्याही आत आला. म्हणजे एक फ्लास्क भरायला किती दगड भाजावा लागला असेल याचा अंदाज करा. त्या भाजलेल्या दगडाचं, त्याला कॅल्साइन म्हणतात, काय केलं? भट्ट्या ओढ्याकाठी होत्या. दगड ओढ्यात ढकलायचा, हिवाळ्यात पूर आला की घेऊन जाईल. हा अपघात नव्हता, तीच पद्धत होती. वर्षानुवर्षं तो लोंढा अलामितोस ओढ्यातून ग्वादालूपे नदीत, तिथून आल्वीसो गावापाशी सान फ्रान्सिस्को खाडीत जात राहिला.

आता मेख अशी की भाजलेल्या दगडात पारा थोडाच उरतो, पण जो उरतो त्यातला काही भाग मूळ हिंगुळापेक्षा जास्त सहज विरघळणाऱ्या रूपात असतो. अखंड हिंगूळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. माणसाने भाजला आणि काम बिघडवलं.

तर १९९० नंतर पार्कात काय केलं : हासिएन्दा, माइन हिल वगैरे ठिकाणचे सगळ्यात वाईट ढीग गोळा केले, डोंगरावरच एका जागी रचले, उतार कमी केला, वर स्वच्छ मातीचा थर दिला, पाणी बाजूने काढायला चर खणले, गवत लावलं. पारा कुठेही नेला नाही. लाखो टन माती ट्रकमध्ये घालून नेणार कुठे? आणि खणताना जी धूळ उडेल ती वेगळीच. हेतू एवढाच की पावसाचं पाणी त्या ढिगांतून वाहून ओढ्यात येऊ नये. तेवढं बऱ्यापैकी साधलं. पण तोवर सव्वाशे वर्षांचा माल ओढ्याच्या काठांत, नदीच्या तळात आणि १९३५ साली बांधलेल्या धरणांच्या गाळात जाऊन बसला होता. पार्कातली साफसफाई त्याला हातसुद्धा लावत नाही.

टेकडीखालचा

खनिजवाला, दंडवत. म्हणजे उगम बंद केला पण खालचं तसंच. मग खालचा गाळ उपसा की! आपल्याकडे धरणांतला गाळ काढतात आणि शेतात टाकतात.

तिरपागडी

हो, टाका शेतात. पाऱ्याची वांगी.

खनिजवाला

गाळ उपसायचा प्रश्न रास्त आहे, आणि काही ठिकाणी उपसलाही आहे. अल्माडेन जलाशयाच्या वरच्या अंगाला जॅक्स गल्च नावाची घळ आहे, तिथून भाजलेला दगड काढून घळीचा उतार नीट केला, झाडं लावली. लहान जागा, नेमका ढीग, तिथे हे जमतं. अख्ख्या नदीला नाही जमत. नदीचा तळ खरवडला की आतापर्यंत खाली दडपून राहिलेला पारा वर येतो आणि पुढची काही वर्षं आकडे उलट वाढतात. शिवाय त्याच नदीत स्टीलहेड ट्राउट अंडी घालायला येतात.

सूक्ष्मजीव
*मासे का विषारी होतात*

इथे एक दुवा राहिला आहे. पारा आणि माशातला पारा या वेगळ्या गोष्टी आहेत. थर्मामीटरमधला पारा गिळला तर आतड्यातून जवळजवळ शोषला जात नाही (वाफ मात्र वाईट, ती श्वासातून गेली तर ८० टक्क्यांच्या आसपास अंगात राहते). माशात असतो तो मिथिलमर्क्युरी, आणि तो अन्नातून जवळजवळ पूर्ण शोषला जातो, मेंदूत जातो, वार (गर्भाला पोसणारा अवयव) ओलांडून गर्भात जातो.

तो बनवतात जिवाणू. उन्हाळ्यात जलाशयाचं वरचं पाणी तापतं, खालचं थंड राहतं आणि दोन्ही मिसळत नाहीत. तळाचा प्राणवायू संपतो. मग तिथे सल्फेटवर जगणारे जिवाणू जोर धरतात आणि पाऱ्याला मिथिल गट चिकटवतात. हे करणारी जनुकांची जोडी २०१३ साली सापडली, तोवर कुठले जिवाणू हे करू शकतात याचे अंदाजच बांधावे लागत. पाण्यात याचं प्रमाण लिटरमागे काही नॅनोग्रॅम. शैवालाने घेतलं, शैवाल किड्याने खाल्लं, किडा लहान माशाने, लहान मासा बास नावाच्या मोठ्या शिकारी माशाने, आणि प्रत्येक पायरीला वाढत वाढत माशाच्या अंगात पाण्याच्या लाखो पट. ग्वादालूपे जलाशयातल्या लार्जमाउथ बासमधला पारा कॅलिफोर्नियातल्या सगळ्यात जास्त आकड्यांमध्ये मोडतो.

म्हणून गंमत अशी होते की तेच पाणी पिण्याच्या निकषात आरामात बसतं (अमेरिकेची मर्यादा लिटरमागे २ मायक्रोग्रॅम) आणि त्याच पाण्यातला मासा खाण्यालायक नसतो.

कोळीवाडा_फास्ट

ताई, तळल्यावर जात नाही का? कडक तळतो आम्ही. रवा लावून.

सूक्ष्मजीव

नाही हो. तो चरबीत नसतो, मांसाच्या प्रथिनाला धरून असतो. कातडं काढा, तेल निथळा, कोकम घाला, तो तिथेच. उलट तळताना पाणी उडून जातं, म्हणजे ग्रॅममागे थोडा जास्तच.

कोळीवाडा_फास्ट

सगळा मूड घालवलात.

रोखठोक
*थोडी उलटी बाजू*

सगळे फारच भारावून गेलेत म्हणून काडी टाकतो. तो पारा त्या डोंगरात लाखो वर्षं होताच. खाण सुरू होण्याच्या कितीतरी आधी तिथले ओहलोनी लोक तो लाल दगड उगाळून अंग रंगवत. मेक्सिकन कप्तान आंद्रेस कास्तियेरोने १८४५ ला ओळखला एवढंच. ओढ्यात थोडा पारा नैसर्गिकरीत्या येणारच. आता तुमच्या त्या नियमांमधले आकडे बघा. सान फ्रान्सिस्को खाडीतला पारा कमी करायचा जो आराखडा २००६ ला केला, त्यात ग्वादालूपेतून खाणींचा वारसा म्हणून वर्षाला ९२ किलो पारा येतो असा हिशोब धरून तो २ किलोवर आणायचं ठरलं. ९२ वरून २! वीस वर्षांत! हे कुणी ठरवलं, आणि कशाच्या जोरावर? कोट्यवधी डॉलर घालून शेवटी फलक तसाच राहणार. त्यापेक्षा फलक चार भाषांत मोठ्या अक्षरांत लावा आणि पैसे शाळांना द्या. कुणी तिथे उपाशी नाही बसलेलं, की बास खाल्ल्याशिवाय जगणार नाही.

तिरपागडी

शेवटचं वाक्य सान होजेत राहून लिहिलंय की पुण्यात?

रोखठोक

हडपसर. पण मुद्दा भूगोलाचा नाही.

पूर्वखाडी

मुद्दा भूगोलाचाच आहे. मी त्या नदीच्या खालच्या टोकाला राहते. संध्याकाळी काठावर गळ टाकून बसलेली माणसं बघितली आहेत, व्हिएतनामी आजोबा, मेक्सिकन बाप आणि दोन मुलं. बादलीत मासे असतात आणि ते छंद म्हणून नेत नाहीत. फलक त्यांच्या मागेच असतो, चित्रासकट. एकाला विचारलं तर म्हणाला, आम्ही इथे कित्येक वर्षं खातोय, काही झालं नाही. मिथिलमर्क्युरीचं असंच असतं, त्याच दिवशी पोट दुखत नाही. बाईच्या अंगात साठतो आणि मुलाच्या वाट्याला येतो. फलक लावून जबाबदारी संपली असं म्हणणं सोपं आहे.

रोखठोक

भावना समजली. पण ९२ चे २ कसे होणार याचं उत्तर नाही मिळालं.

खनिजवाला

रोखठोक, एका बाबतीत सहमत. २ किलो हा आकडा मलाही महत्त्वाकांक्षी वाटतो. तो असा निघाला, की खाडीत पुढे वाहून येणाऱ्या गाळात पाऱ्याचं प्रमाण किती असावं ते आधी ठरवलं आणि नदी किती गाळ आणते त्याने गुणलं. कागदावर गणित बरोबर. नदी मात्र सरासरीवर चालत नाही. कोरड्या वर्षी जवळजवळ काहीच येत नाही, आणि एका मोठ्या वादळात काठ ढासळले की सगळा हिशोब कोसळतो. त्यामुळे अमुक साली लक्ष्य गाठलं की नाही हे सांगणंसुद्धा कठीण.

नैसर्गिकच आहे या मुद्द्याशी मात्र पूर्ण असहमत. डोंगरात होता तो दोन हजार फुटांहून खोलपर्यंत, अखंड दगडात. बोगदे खणून वर आणला, भाजला, ओढ्यात फेकला. दोन्हीला नैसर्गिक म्हणायचं तर मग कोळशाचा धूरही नैसर्गिक.

औषधीबाग
*हिंगूळ*

हिंगुळाचं नाव निघालं म्हणून लिहायचा मोह आवरत नाही. आपल्या रसशास्त्रात हिंगुळातून पारद काढायची कृती शतकानुशतकं आहे. डमरू यंत्र म्हणजे दोन मडकी तोंडाला तोंड लावून सांधे मातीकापडाने बंद करायचे, खालच्यात हिंगूळ, खाली जाळ, वरच्या मडक्यावर ओलं फडकं. वाफ वर जाऊन गार तळाला पारा चिकटतो. यालाच ऊर्ध्वपातन म्हणतात. खनिजवाला यांनी वर्णन केलेली भट्टी म्हणजे हेच, फक्त शेकडो टनांचं. आणि आपण तोच पारद पुन्हा गंधकाशी बांधून रससिंदूर करतो. तेव्हा पारा विषारी हे सरसकट म्हणणं बरोबर नाही.

सूक्ष्मजीव

डमरू यंत्राचं वर्णन फार आवडलं. पण ओलं फडकं गार राहिलं नाही आणि सांधा फुटला तर ती वाफ वैद्याच्याच नाकात जाते, हे त्या ग्रंथकारांनाही ठाऊक होतं, म्हणून तर सांधे बंद करण्यावर एवढा भर. रससिंदुराबद्दल माझं मत वेगळं आहे.

तिरपागडी

आता तीनशे प्रतिसाद होणार.

औषधीबाग

मतं वेगळी असू शकतात, पण हजार वर्षांचा अनुभव

संपादक मंडळ

रसौषधींच्या सुरक्षिततेवर स्वतंत्र धागा आहे, कृपया ती चर्चा तिथे करावी. या धाग्यावर खाण आणि सफाई एवढंच ठेवू या.

इद्रियात_एकदा

स्लोव्हेनियातल्या इद्रियाला गेलो होतो, त्यावरून थोडं. तिथली खाण १४९० ते १९९५, पाचशे वर्षं चालली. पाऱ्याच्या खाणींत तिच्या वर एकच, स्पेनमधली मूळ अल्माडेन, जिच्यावरून सान होजेच्या खाणीने नाव घेतलं. २०१२ ला दोन्ही मिळून युनेस्कोच्या यादीत गेल्या. इद्रियात गाव खाणीवरच वसलंय, आपण पर्यटक म्हणून बोगद्यात उतरतो आणि दगडावर पाऱ्याचे थेंब खरेखुरे चमकताना दिसतात. त्यांच्या नदीतून तो पारा सोचा नदीत आणि पुढे त्रिएस्तेच्या आखातात अजून चाललाच आहे. त्यांनी बोगदे भरले, जमीन खचू नये म्हणून काम केलं, पण नदी धुवायच्या फंदात कुणी पडलेलं दिसलं नाही.

स्पेनने मात्र त्यांचा सगळ्यात मोठा ढीग, सान तेओदोरो, जवळजवळ ३५ लाख टनांचा, उतार देऊन, प्लास्टिकचं जाड आवरण घालून, वर माती-गवत लावून बंद केला. २००८ च्या सुमारास काम संपलं. डोंगरच झाकून टाकला म्हणायचा.

टेकडीखालचा

म्हणजे जगात कुठेच पूर्ण साफ झालेलं नाही? स्पेन, स्लोव्हेनिया, अमेरिका, सगळीकडे झाकाझाकीच?

खनिजवाला

झाकाझाकी हा शब्द कडू आहे, पण हो. पारा हे मूलद्रव्य आहे, जाळून संपत नाही, कुजत नाही. तेलाची गळती झाली तर जिवाणू कधी ना कधी खातात. इथे दोनच गोष्टी हातात असतात, त्याला हलू द्यायचं नाही आणि त्याचं मिथिल होऊ द्यायचं नाही. दुसऱ्यावर सूक्ष्मजीवताई जास्त सांगतील, कारण खरी मजा तिथे आहे.

सूक्ष्मजीव
*तळाला प्राणवायू*

आता मूळ प्रश्नाकडे. ग्वादालूपे खोऱ्याचा स्वतंत्र आराखडा पाणी मंडळाने २००८ ला केला, २०१० ला केंद्राच्या पर्यावरण खात्याने मान्य केला. त्यात एक हुशारी होती. पाऱ्याचा प्रत्येक कण वेचण्यापेक्षा जलाशयाच्या तळाशी मिथिलमर्क्युरी बनणंच थांबवायचं. लहान माशांत ०.०५ आणि जरा मोठ्यांत ०.१ पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) आत आणायचं असं लक्ष्य.

मग जिल्ह्याच्या पाणी खात्याने जलाशयांच्या तळाशी भोकं असलेल्या लांब नळ्या टाकल्या आणि काठावरून प्राणवायू सोडायला सुरुवात केली. उन्हाळ्यात तळ गुदमरू द्यायचा नाही, म्हणजे ते जिवाणू जोर धरणार नाहीत. तळाच्या पाण्यातलं मिथिलमर्क्युरी खरोखर उतरलं, काही ठिकाणी चांगलंच.

आणि मासे? तिथे निकाल तितका सरळ आला नाही. पाण्यातला आकडा खाली गेला तसा माशातला गेला नाही. कारणं बरीच असू शकतात : मिथिलमर्क्युरी फक्त तळाला बनत नाही, कडेच्या उथळ गाळातही बनतं, ओढ्यातूनही येतं. प्राणवायू सोडल्याने तळाचं पोषक द्रव्य मिसळून शैवाल बदललं तर माशाचं जेवणच बदलतं. आणि मोठा बास बरीच वर्षं जगतो, त्याच्या अंगात जुना साठा असतो. न्यूयॉर्कमधल्या ओनोंडागा तलावात (तिथे खाण नव्हती, रसायनांचे कारखाने होते) २०११ पासून प्राणवायूऐवजी नायट्रेट सोडून बघितलं, तळाचं मिथिलमर्क्युरी तिथेही जोरात उतरलं.

तेव्हा टेकडीखालचा, तुमच्या दुर्लक्षाच्या आरोपाशी मी सहमत नाही. लक्ष भरपूर दिलंय. मासा ऐकत नाहीये.

रोखठोक

हेच तर म्हणत होतो. पैसे घातले, आकडे सुधारले, मासा जिथल्या तिथे.

सूक्ष्मजीव

आणि मी म्हणते की पन्नास वर्षं ओतलं त्याचा निकाल दहा वर्षांत मागू नका.

खनिजवाला

सव्वाशे वर्षं.

कलम_चालू
*पैसे कुणाचे?*

कुणीच विचारलं नाही म्हणून. खाण चालवणारी क्विकसिल्व्हर मायनिंग कंपनी १९१२ ला दिवाळखोरीत गेली. (ती कंपनी मालक झाली तोही एक किस्सा आहे. १८६३ मध्ये हक्काच्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला, आणि लिंकनने खाण ताब्यात घ्यायचा हुकूम काढला. कॅलिफोर्नियात एवढा गदारोळ झाला की हुकूम मागे घ्यावा लागला. यादवी युद्ध चालू होतं, सोन्याचं राज्य रागावणं परवडणारं नव्हतं.) नंतर लहानमोठे लोक खाण खरवडत राहिले. आज त्यांच्याकडून दमडी वसूल होणार नाही.

म्हणून सध्याचे मालक अडकतात. पार्क काउंटीचा, तर ढिगांची जबाबदारी काउंटीची. जलाशय पाणी खात्याचे, तर मिथिलमर्क्युरी त्यांचं. म्हणजे शेवटी सान होजेकरांचा कर आणि पाणीपट्टी.

दुसरी अडचण अशी, की अमेरिकेत कितीतरी वर्षं कुणी सद्हेतूने सोडून दिलेल्या खाणीला हात लावला तर तिथून वाहणाऱ्या पाण्याचा कायदेशीर धनी तोच व्हायचा. त्यामुळे नदीप्रेमी संस्था दुरूनच नमस्कार करत. हात लावल्याने काय होऊ शकतं ते कोलोरॅडोत दिसलं : ऑगस्ट २०१५ मध्ये गोल्ड किंग खाणीचं तोंड तपासताना खुद्द पर्यावरण खात्याच्या पथकाकडूनच ते फुटलं आणि ३० लाख गॅलन घाण पाणी नदीत गेलं, नदी नारिंगी झाली. डिसेंबर २०२४ मध्ये एक कायदा आला, ज्याने अशा भल्या माणसांना ठरावीक संरक्षण दिलं. तूर्त जास्तीत जास्त १५ परवाने, प्रयोग म्हणून.

चिंचगूळ

आपल्याकडे हा प्रश्नच नाही. कुणीच हात लावत नाही.

मी_गोंयकार

लावतात हो, फोटो काढायला. आमच्याकडे लोखंडाच्या खाणी २०१२ ला बंद झाल्या, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीजं रद्द केली. पारा नाही आमच्यात, पण ढीग तसेच आणि खड्ड्यांत पाणी. डिचोली तालुक्यात पावसाळ्यात लाल चिखल शेतात उतरतो तेव्हा भात पिवळं पडतं. तिथेही भांडण हेच, ढीग कोणाचा? लिलावाचा विषय निघाला की सगळ्यांना हवा, साफसफाईचा निघाला की कोणाचाच नाही. खनिजवाला, तुमच्याकडचं ते चर खणून पाणी बाजूने काढायचं काम इथे पावसाच्या तडाख्यात टिकेल का?

खनिजवाला

गोंयकार, प्रश्न चांगला आहे. सान होजेत वर्षाला पाऊस जेमतेम १५ इंच, तुमच्याकडे त्याच्या आठपट. चर तेच, पण आकार, पायऱ्या आणि खालचे गाळ-खड्डे सगळं वेगळं लागेल आणि दर मे महिन्यात उपसावं लागेल. न उपसलेला चर हा नसलेल्या चरापेक्षा वाईट, कारण तो एकाच जागी फुटतो.

कोडाईची_आठवण

भारतात पाऱ्याच्या सफाईचं उदाहरण हवंच असेल तर कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना. खाण नाही, पण वाद तोच. अमेरिकेत बंद झालेली यंत्रं १९८० च्या दशकात इथे आली, २००१ मध्ये गावातल्या भंगारवाल्याच्या आवारात पाऱ्याची काच सापडली आणि कारखाना बंद पडला. २००३ ला सुमारे २९० टन पारायुक्त कचरा परत अमेरिकेला पाठवावा लागला. मग मातीचं काय? किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत साफ करायचं ठरलं आणि आंदोलकांचं म्हणणं की इंग्लंडात घराच्या परसात इतकं चालवून घेतलं नसतं. किती साफ म्हणजे साफ, यावर वर्षं गेली.

तिरपागडी

अवांतर : एवढा पारा कशाला लागत होता पण? थर्मामीटर किती बनवणार?

खनिजवाला

सोनं! खाण सापडली आणि तीनच वर्षांत, १८४८ ला, कॅलिफोर्नियातल्याच सिएरा डोंगरांत सोनं सापडलं. लाकडी पन्हळीत वाळू धुताना तळाला पारा ओतायचा, सोन्याचे बारीक कण त्याला चिकटतात. मग तो गोळा तापवला की पारा उडतो, सोनं उरतं. वाळूबरोबर बराच पारा वाहून जायचा. भूगर्भ खात्याच्या अंदाजाप्रमाणे कॅलिफोर्नियाच्या नुसत्या वाळूतल्या सोनखाणींनी मिळून १ कोटी पौंडांच्या आसपास पारा गमावला. त्यामुळे खाडीत दोन बाजूंनी येतो, दक्षिणेकडून ग्वादालूपेतून आणि उत्तरेकडून सिएरातल्या नद्यांतून.

पूर्वखाडी

उत्तरेकडे क्लिअर लेकही आहे ना? तिथे तर आख्खी खाण तळ्याच्या काठावर.

खनिजवाला

हो, सल्फर बँक. १९९० पासून केंद्राच्या सुपरफंड यादीत (अतिदूषित जागांच्या सफाईची यादी). शेजारी एलेम पोमो जमातीची वस्ती, आणि १९७० च्या दशकात त्यांची घरं-रस्ते बांधताना खाणीचाच दगड भरणीला वापरला. २००६ ला घरांभोवतीची माती काढली, आणि खाणीच्या मोठ्या ढिगांचा अंतिम आराखडा ठरायला २०२३ उजाडलं. यादीत येऊन तेहेतीस वर्षं. टेकडीखालचा, दुर्लक्ष हा शब्द वापरायचा तर इथे वापरा. अल्माडेनला निदान मतदार श्रीमंत आहेत.

टेकडीखालचा

हे पटलं. आता एक घरगुती शंका. पोरं त्या पार्कात दगड गोळा करतात. लाल दिसला की खिशात. चालतं का?

खनिजवाला

पायवाटेवर फिरायला काही भीती नाही. दगड उचलून आणायला पार्कात तसंही मनाई आहे. भट्ट्यांच्या कुंपणाआत जाऊ नका, ओढ्यातल्या विटकरी रंगाच्या खडीत खेळू देऊ नका, डबा उघडायच्या आधी हात धुवा. आणि लाल दगड आणलाच असेल तर फेकू नका, तापवू तर मुळीच नका.

औषधीबाग

डमरू यंत्रात सुद्धा?

खनिजवाला

विशेषतः डमरू यंत्रात.

कोळीवाडा_फास्ट

बरं, मग खायचं काय ते सांगा. सुरमई सोडायची?

सूक्ष्मजीव

नियम सोपा आहे : जितका मोठा, जितका म्हातारा आणि जितका शिकारी, तितका पारा जास्त. शार्क, स्वोर्डफिश, किंग मॅकरेल हे गरोदर बायकांनी टाळा असं अमेरिकेतला सल्ला सांगतो. किंग मॅकरेल आपल्या सुरमईचीच चुलत बहीण. मोठी सुरमई रोज नको, कधीमधी चालेल. तारली, मांदेली, बांगडा, कोळंबी बिनधास्त. आणि शरीर मिथिलमर्क्युरी बाहेर टाकतं, साधारण ५० दिवसांत निम्मं. म्हणजे दिवस राहायच्या आधीपासून काही महिने सांभाळलं तर उपयोग होतो.

कोळीवाडा_फास्ट

मांदेली बिनधास्त! ताई, तुम्ही देव आहात.

पूर्वखाडी

एक शंका राहिली. क्युपर्टिनोजवळ स्टीव्हन्स क्रीक जलाशय आहे, तिथे वर कुठलीही पाऱ्याची खाण नाही. तरी मासे न खाण्याचा फलक आहे. तो कशाने?

सूक्ष्मजीव

छान पकडलंत. तिथेही त्याच प्राणवायूच्या नळ्या टाकल्या होत्या. खाण नसली तरी हवेतून पारा पडतो, जगभरचा कोळसा आणि भट्ट्यांचा, शिवाय त्या डोंगररांगेच्या दगडात थोडाफार असतोच. तळ गुदमरला की जिवाणूंना तेवढाही पुरतो. एकूण पारा कितीतरी कमी, पण माशातला पारा त्या प्रमाणात कमी नाही.

रोखठोक

म्हणजे खाण पूर्ण साफ केली असती तरी फलक राहिलाच असता?

सूक्ष्मजीव

कदाचित बारीक अक्षरांत. ग्वादालूपेच्या बासचे आकडे स्टीव्हन्स क्रीकच्या पातळीला आले तरी मी पेढे वाटीन.

चिंचगूळ

मांदेली वाटा.